आप्पांचा बुफर

चोपड्याच्या बसस्टँडवर उभं राहून ‘आप्पा’ अशी हाक मारली, तर निम्मा स्टँड वळून बघतो. तेव्हा या लेखातले आप्पा नेमके कोणते, हे शोधायच्या भानगडीत कोणी पडू नये. गणित शिकवून निवृत्त झालेले, सकाळी पेपर, दुपारी झोप आणि रात्री जेवणानंतर तासभर गाणी असा नेम असलेले गृहस्थ प्रत्येक गल्लीत एखादे तरी असतात. त्यांच्या पुढच्या खोलीत एक लहानसा ॲम्प्लिफायर असतो, भिंतीलगत दोन स्टुलांवर पाच-पाच इंची दोन स्पीकर असतात आणि स्पीकरांवर क्रोशाचे रुमाल असतात. गाणी संपली की रुमाल परत जागेवर घालायचे, हा माईंचा नियम.

सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग दिवाळीला पुण्याहून भाचा येतो, दोन अभंग ऐकून घेतो आणि चहाचा कप ठेवता ठेवता म्हणतो, ‘‘मामा, आवाज गोड आहे हो. पण खाली काहीच नाही.’’

आप्पांनी वाकून खाली पाहिलं. स्टूल होतं.

भाच्याला म्हणायचं होतं ते वेगळंच. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. पियानोची सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झला वाजते, बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ला. पाच इंची स्पीकर साठ-सत्तर हर्ट्झच्या आसपास पोचेपर्यंतच दमतो. त्याच्या खालचा सगळा मजला आप्पांच्या घरात बांधलेलाच नव्हता, आणि इतकी वर्षं त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पत्ता नसण्याला कारण आहे. आकाशवाणीचं जळगाव केंद्र तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर ऐकत जी पिढी वाढली, तिनं त्या तीन इंची स्पीकरातून डग्ग्याचा घुमारासुद्धा ऐकला. खरं तर तो स्पीकरमधून येतच नव्हता. एखाद्या स्वराचा मूळ पाया गाळला आणि त्याच्या वरचे उपस्वर तेवढे कानावर घातले, तरी मेंदू हिशोब करून तो पाया स्वतःच मांडून घेतो. टेलिफोनवर भारदस्त माणसाचा आवाज भारदस्तच वाटतो, तो याच उधारीवर. आप्पांनी चाळीस वर्षं बेस असा उधारीत ऐकला. भाच्यानं एका वाक्यात खातं बंद केलं.

*

इंग्रजीत कुत्र्याच्या जाड भुंकण्याला ‘वूफ’ म्हणतात, म्हणून जाड आवाजाचा स्पीकर तो वूफर. पाखराची चिवचिव ती ‘ट्वीट’, म्हणून बारीक आवाजाचा तो ट्वीटर. वूफरच्याही खालचा तो सबवूफर. हा शब्द तापी ओलांडून आला तेव्हा त्यातलं ‘सब’ पुलावरच गळालं, ‘वू’चा ‘बु’ झाला आणि ‘बुफर’ म्हणून तो घरचा झाला. डीजेवाल्यांची भाषा याहून सुटसुटीत. त्यांच्याकडे दोनच जाती, बेस आणि टॉप. लग्नाची सुपारी देताना ‘चार बेस, चार टॉप’ एवढं म्हटलं की नवरदेवाच्या बापाची ऐपत गावाला कळते.

बुफर येण्याआधी खान्देशानं बेसवाचून दिवस काढले, असं मात्र नाही. पानटपरीत, सलूनमध्ये, रिक्षाच्या मागच्या बाजूला मडक्याच्या तोंडावर स्पीकर बसवलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको. उघडा स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हा मागून तीच हवा ओढतो. जाड आवाजात या पुढच्या-मागच्या लाटा वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि दोघी मिळून शून्य होतात. मडकं मागच्या लाटेला कोंडून ठेवतं. एवढ्यावरच स्पीकरला कंठ फुटतो. बाजारातून मडकं आणलं की ते पाण्यासाठी आहे की गाण्यासाठी, हा प्रश्न काही घरांत तेव्हा खरोखर पडत असे.

भजनी मंडळातला पखवाजवाला तर याहून पुढे गेलेला. तो वाजवायला बसण्याआधी डाव्या पुडीवर ओली कणीक थापतो. कणकेचं वजन पडलं की कातडं सावकाश हलतं आणि स्वर खाली उतरतो. बुफरचा पडदा जाड आणि जड करतात, त्यामागचं शास्त्र हेच. फरक इतकाच की पखवाजवाला कार्यक्रम झाल्यावर कणीक खरवडून काढतो; बुफर बनवणाऱ्याला ती सोय नाही.

आणि सातपुड्याच्या पायथ्याला तर विजेचीही गरज लागत नाही. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात तेव्हा पावरा समाजाचे मोठमोठे ढोल खाली उतरतात. तो ढोल कानापेक्षा आधी बरगड्यांना ऐकू येतो. अशा मुलखात राहून घरात दोन स्टुलांवरचे पाच इंची स्पीकर ऐकत बसणं म्हणजे भरीत-भाकरीच्या पंगतीत बसून सूप पिण्यासारखंच होतं. आप्पांनी ठरवलं, बुफर घ्यायचा.

*

घेतला जळगावला. दुकानदारानं आठ इंची, दहा इंची आणि बारा इंची असे तीन डबे मांडले. आप्पांनी विचारलं, ‘‘जाड आवाजाला एवढा मोठा पडदा का लागतो?’’ दुकानदार म्हणाला, ‘‘काका, बेस पाहिजे तर मोठाच घ्यावा लागतो.’’ हे उत्तर गणिताच्या पेपरात शून्य मार्कांचं होतं. खरं उत्तर असं: आवाज तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा, तर पडद्याला चौपट पुढेमागे हलावं लागतं. दोन सप्तकं खाली न्यायचा, तर सोळापट. लहान पडदा एवढा हलला तर जागा सोडून बाहेरच येईल. म्हणून मग पडदा मोठा, डबा मोठा, चुंबक मोठा आणि बिलही मोठं.

आप्पांनी मध्यममार्ग म्हणून दहा इंची घेतला आणि विदगाव-धानोरा-अडावदमार्गे जाणारी एसटी पकडली. चौकोनी, जड, गुंडाळलेला खोका मांडीवर घेऊन बसलेला निवृत्त शिक्षक हा एसटीत सार्वजनिक प्रश्न असतो. तापीच्या पुलापर्यंत तो मिक्सर होता. धानोऱ्याला एका केळीवाल्या शेतकऱ्यानं तो फवारणीचा पंप असल्याचं ठामपणे सांगितलं. अडावदला चढलेल्या आजीबाईंनी, देव असेल तर पायाशी ठेवू नका, अशी सूचना केली. कंडक्टरनं मात्र आत काय आहे ते न विचारता लगेज फाडलं.

‘‘हाई काय आनं?’’ दारातच माईंनी विचारलं.

‘‘बुफर.’’

‘‘दोन शेत ना घरात?’’

‘‘ते स्पीकर. हा खालचा आवाज काढतो.’’

‘‘वरना आवाज कमी व्हता का?’’ म्हणून माई आत गेल्या. आप्पांनी हा प्रश्न तात्त्विक समजून सोडून दिला.

वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि डब्यातून पहिला आवाज आला तो ‘हूंऽऽऽ’ असा. आप्पा खूश. गाणं लावायचं अजून बाकी आहे, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. भारतातली वीज ५० हर्ट्झनं येते. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर आणि बुफर दुसऱ्या बोर्डावर लावला, की दोन अर्थिंगांच्या मधून वायरींचा वळसा पूर्ण होतो आणि बुफर वीज महामंडळाचंच गाणं म्हणू लागतो. दोन्ही पिना एकाच बोर्डावर आल्यावर ते थांबलं. तोपर्यंत माईंनी फ्रिज दोनदा बंद करून पाहिला होता.

*

यानंतर सुरू झालं ते जागेचं प्रकरण.

साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेनं आला, हे माणसाच्या कानाला फारसं ओळखता येत नाही. ८० हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब. दोन कानांमधलं अंतर वीतभर. एवढ्या लांब लाटेत डावा-उजवा निवाडा करायला कानांना वावच राहत नाही. त्यामुळे बुफर सोफ्यामागे ठेवला काय आणि दाराआड ठेवला काय, गाणं समोरूनच येतंय असं वाटतं. हे पुस्तकात वाचून आप्पांना वाटलं, चला, जागेची कटकट नाही.

कटकट दुसरीकडे होती. खोलीची लांबी बारा फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. आप्पांनी पेपराच्या कडेला भागाकार केला: बारा फुटी भिंतींच्या मध्ये ४७ हर्ट्झची अर्धी लाट अगदी मापात बसते. असा स्वर आला की भिंतीजवळ दणका बसतो आणि खोलीच्या मधोमध तोच स्वर पार गायब होतो. आप्पांची खुर्ची बरोब्बर मध्यावर. म्हणजे ज्यानं पैसे दिले त्यालाच बेस नाही, आणि दाराशी चपला काढणाऱ्या पाहुण्याला मात्र पोटभर.

बुफर कोपऱ्यात ठेवला तर आवाज आणखी वाढतो, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून तो पुढे ढकलतात. कोपरे चार. एका कोपऱ्यात देवघर. दुसऱ्यात लोणच्याच्या बरण्या. तिसऱ्यात दार उघडतं. चौथा मोकळा होता, पण शेजारच्या नानांनी येऊन सांगितलं की विजेची वस्तू आग्नेयेलाच पाहिजे. आग्नेयेला बरण्या होत्या. भौतिकशास्त्र, वास्तुशास्त्र आणि कैरीचं लोणचं या तिघांच्या वाटाघाटीत दोन दिवस गेले.

तेव्हा भाच्यानं फोनवरून एक उपाय सांगितला. जगभरचे शौकीन तो करतात आणि करताना दार लावून घेतात. बुफर उचलून स्वतःच्या खुर्चीत ठेवायचा, एकच जाड सूर चालू ठेवायचा आणि आपण गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथे बेस भरीव आणि एकसारखा ऐकू येईल, तिथे बुफर कायमचा ठेवायचा. लाट जाताना जशी, तशीच येताना. त्यामुळे ऐकणारा आणि वाजणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं. शास्त्र चोख आहे.

आप्पांनी दार लावलं नव्हतं. खुर्चीत रुबाबात बसलेला काळा डबा, आणि त्याच्यासमोर लेंगा सावरत, कान जमिनीला लावत रांगणारे आप्पा, असं दृश्य सकाळी साडेसातला दूधवाल्यानं पाहिलं.

‘‘आप्पा, काही हरवलं का?’’

‘‘बेस,’’ आप्पा म्हणाले.

दूधवाल्यानं चप्पल काढली आणि तोही शोधायला खाली वाकला. खाटेखाली त्याला एक आठ आण्याचं नाणं सापडलं. आप्पांना बेस कपाट आणि खिडकी यांच्या मध्ये सापडला.

*

बुफरला मागे तीन बटणं असतात आणि बहुतेक घरांत त्यातलं एकच माहीत असतं. पहिलं आवाजाचं. दुसरं बुफरनं कितव्या हर्ट्झपासून खालचं काम घ्यायचं ते ठरवणारं. हे फार वर ठेवलं तर बुफर गायकाच्या गळ्यातही हात घालतो आणि निवेदिका डब्यातून बोलल्यासारखी वाटते. आप्पांनी ते आधी १२०वर ठेवलं होतं, मग ८०वर आणलं.

तिसरं बटण फेजचं. त्याला शून्य आणि १८० अशा दोनच जागा. स्पीकर हवा पुढे ढकलत असताना बुफर मागे ओढत असेल, तर दोघांची मेहनत एकमेकांत जिरते. जोडीचा एक बैल पुढे आणि एक मागे ओढत असला की गाडीचं जे होतं, तेच बेसचं होतं. हे बटण फिरवून जिकडे बेस जास्त वाटेल तिकडे ठेवायचं, इतकंच. आप्पांनी ते अकरा वेळा फिरवलं. बाराव्या वेळी माईंनी विचारलं, ‘‘लाइट जाय ऱ्हायनी का?’’

बुफरच्या मागच्या बाजूला एक गोल भोकही असतं. आतली हवा त्या नळीतून ठरावीक सुरात श्वास घेते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर सूर निघतो तशी. डब्याचा अगदी खालचा स्वर या भोकामुळेच खुलतो. नातवाला हे भोक पहिल्या दिवशी सापडलं. दोन गोट्या आत गेल्या आणि त्या घरंगळताना कुठलाही तालवाद्यवाला देणार नाही असे बोल निघाले. चौथ्या दिवशी आत अर्धं केळं सापडलं. चोपड्यातलं केळं असल्यानं ते पिकलेलं होतं आणि वास सुरांच्या आधी पोचत होता.

पण बुफरची खरी परीक्षा घेतली ती स्वयंपाकघरानं. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक सूर असतो आणि तो भेटला की ती वस्तू ओळख दाखवते. आप्पांच्या घरात मधल्या फळीवरची परात एका सुरावर ‘झूंऽ’ करी, दुसऱ्यावर देवघरातली घंटी किणकिणे, तिसऱ्यावर खिडकीची सैल काच. माईंना गाण्यांची नावं माहीत नव्हती, पण ‘परात वाजणारं गाणं’ म्हटलं की आप्पांना ते बरोबर कळत असे. परातीखाली फडकं, घंटीत दोरा आणि काचेत पुठ्ठ्याची घडी घातल्यावर जे उरलं, ते संगीत.

पडझडीला घाबरणाऱ्यांनी हॉलिवूडकडे पाहावं. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ हा भूकंपाचा चित्रपट आला, तेव्हा थिएटरांत ‘सेन्सराउंड’ नावाचे प्रचंड बुफर लावले होते. लॉस एंजेलिसच्या सुप्रसिद्ध चायनीज थिएटरात त्यांच्या दणक्यानं छताचं प्लास्टर सुटू लागलं आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळी बांधावी लागली. धाब्याच्या घरात जन्म गेलेल्या खान्देशी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. वर कोणी धावलं की ताटात माती, हे तो लहानपणापासून सहन करत आला. त्यासाठी तिकीट काढायची त्याला कधी गरज पडली नाही.

चित्रपटांवरून आप्पांना आणखी एक शंका होती. बाजारात ‘फाइव्ह पॉइंट वन’ नावाची पेटी मिळते. तीत पाच लहान स्पीकर आणि एक बुफर. खोलीतला सगळ्यात जड डबा, त्याला ‘पॉइंट वन’ म्हणजे एकदशांश म्हणतात, हे गणिताच्या मास्तराला सहन होईना. उत्तर मिळालं ते पटण्यासारखं होतं: बाकीचे पाच जण वीस हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं सांभाळतात, हा फक्त १२० हर्ट्झच्या खालचं. काम एकदशांशाहूनही कमी. ‘‘म्हणजे आमच्या शाळेतले पर्यवेक्षक,’’ आप्पा म्हणाले.

*

शेजाऱ्यांचा प्रश्न उरला होता. बारीक आवाजाला भिंत अडवते, जाड आवाज तिला फारसं मोजत नाही. म्हणून नानांच्या घरात अभंगातले शब्द, टाळ, वीणा यातलं काही पोचत नसे. पोचायचं ते फक्त ‘धुम्म… धुम्म’. एकनाथांचं आणि डीजेचं नानांच्या भिंतीपलीकडे एकच झालं होतं. नानांनी कायदा काढला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आप्पांनी वाचून पाहिलं तर मोजमाप ‘ए’ प्रकारच्या डेसिबलमध्ये. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं होतं की हळू आवाजात माणसाच्या कानाला जाड सूर फार कमी ऐकू येतात. मोजणारं यंत्रही तसंच बनवलं आहे: ५० हर्ट्झच्या आवाजातून ते तब्बल ३० डेसिबल वजा करून मगच आकडा दाखवतं. थोडक्यात, कायद्यानं स्वतःच कानात कापूस घातला आहे. आप्पांना सुटल्यासारखं वाटलं, पण नानांच्या कानात कापूस नव्हता. शेवटी बुफरखाली जाड रबराची चटई आली, रात्री साडेनऊ ही वेळ ठरली आणि माईंनी नानांकडे कळण्याच्या भाकरी पाठवल्या.

महिन्याभरानं सगळं जुळलं. आणि जुळल्यावर आप्पांच्या लक्षात आलं की आता बुफर ऐकूच येत नाही. गाणं चालू असताना डब्याकडे कान लावला तर जेमतेम गुणगुण. मात्र तो बंद केला की खोली आक्रसायची, तंबोरा भिंतीला जाऊन टेकायचा, डग्गा पत्र्याचा व्हायचा. चालू केला की सगळे आपापल्या जागी परत. त्यातही १९५०च्या आसपासच्या गाण्यांना तर त्याचा काहीच उपयोग नव्हता. तेव्हाच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढं खालचं फारसं उतरतच नसे. मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र नवीनच गोष्टी ऐकू येऊ लागल्या: कोणीतरी माईकला दिलेला धक्का, स्टेजच्या फळ्यांवरून चालत गेलेलं कोणीतरी.

पण पाहुण्यांना हे कसं दाखवायचं? बुफर पाहायला गल्ली लोटली. लोक पाच मिनिटं बसायचे, चहा प्यायचे आणि हळूच विचारायचे, ‘‘चालू आहे ना?’’ एका तरुणानं तर ‘‘आप्पा, वॉरंटी आहे का?’’ अशी काळजी दाखवली. मग आप्पांनी एक पद्धत पाडली. पाहुणे आले की आवाजाचं बटण दोन खुणा वर, ‘हाई झुमका वाली पोर’ चालू, परात वाजली की समाधान, पाहुणे गेले की बटण परत खाली.

वैशाखात एका रात्री आप्पा अंधारात खुर्चीत बसले होते. गाणी झाली होती, सगळं बंद होतं, रुमाल जागेवर होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक वरात आली. चार बेस, चार टॉप. खिडकीची काच पुठ्ठ्यासकट थरथरली, घंटीनं दोरा झुगारला, परात फडक्यावरून बोलू लागली.

‘‘कमी करा ना ते!’’ आतून माई ओरडल्या.

आप्पा उठले. बंद बुफरपाशी गेले, वाकले आणि त्यांनी बटण सावकाश डावीकडे फिरवलं. त्याच वेळी वरात कोपऱ्यावरून मेन रोडला वळली.

‘‘आत्ते कसं बेस वाटस!’’ माई म्हणाल्या.